मायाक्कानं निवडलेला सायलेन्सर

माझा मावसभाऊ जोतिराम खोटं बोलत नाही.

फार सज्जन आहे म्हणून नव्हे, त्याला ते जमतच नाही म्हणून. शाळेला दांडी मारली तर संध्याकाळी आपणच घरी सांगून मार खायचा. गोष्ट रंगवून सांगणं हा त्याचा प्रांतच नाही. म्हणून त्यानं हे सगळं सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. आणि यातला शेवटचा भाग तर मी स्वतः बघितलाय.

बघितलाय म्हणजे... बघायचं टाळलंय, असं म्हणा हवं तर.

ठिकाण सोलापूर. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या घरांची वस्ती आहे, तिथलं शेवटून दुसरं घर. गेल्या वर्षीचा उन्हाळा. ज्या संध्याकाळी पहिल्यांदा काहीतरी बिनसलं, तेव्हा रंगपंचमी नुकतीच होऊन गेली होती. हे जोतिरामला पक्कं आठवतं, कारण वस्तीतल्या कुत्र्याच्या पाठीवर अजून गुलाबी रंग होता.

पण आधी मावशीच्या कानांचं सांगायला हवं.

जोतिरामची आई मायाक्का, म्हणजे माझी थोरली मावशी, मूळची सांगोल्याकडची. लग्नानंतर काही वर्षं मेंढरांमागं हिंडली. पुढं मेंढरं गेली, नवरा गेला, आणि ती पोराला घेऊन सोलापुरात आली. टॉवेलच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागली. यंत्रमागाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगायला नको. शेजारी उभा राहून माणूस ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. त्या खटखटीत मावशीनं उभी हयात काढली, पोराला वाढवलं, त्याच कारखान्यात मागावर उभं केलं. तोवर तिचे कान गेले होते.

अगदी ठार बहिरी नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, जड आवाज थोडेफार राहिलेत. दाराची टकटक गेली. फोनची घंटी गेली. पोराची हाक गेली. ट्रक गेला तर तेवढा कळायचा. कानातलं यंत्र आणून दिलं, तर त्यात नुसती शिट्टी वाजते म्हणून तिनं ते मिसरीच्या डबीशेजारी ठेवून दिलं.

कान गेले तरी हट्ट जुनेच. आतून कडी घातल्याशिवाय तिला घरात चैन पडायची नाही. आणि पोरगं घरी आल्याशिवाय ती घास तोंडात घालायची नाही.

या दोन हट्टांनी जोतिरामचा जीव काढला. पाळी संपवून तो यायचा, दार वाजवायचा, आत पत्ताच नाही. मग खिडकीतून बॅटरी मारायची. ती भिंतीकडं तोंड करून बसलेली असली की बॅटरीचाही उपयोग नाही. पुढं पुढं मावशीनं आपला उपाय काढला. दिवेलागणीला दार उघडून उंबऱ्यात बसायचं आणि तो दिसेपर्यंत उठायचं नाही. डोक्यावर तापलेला पत्रा, पोटात शुगरच्या गोळ्या, आणि दुसरं काही नाही.

एकदा ती तिथंच कलंडली. शेजारच्या अंबुबाईनं उचलून आत नेलं आणि साखरपाणी पाजलं.

डॉक्टरांनी जोतिरामला बाजूला घेतलं. गोळ्या घेऊन अशी उपाशी बसत राहिली तर एक दिवस उठायची नाही, म्हणाले.

आता यावर कुणी काय केलं असतं? कुणी पाळी बदलली असती, कुणी लग्न केलं असतं. जोतिराम सायलेन्सर बघायला गेला.

त्याचा हिशेब साधा होता. आईला जड आवाज ऐकू येतो ना, मग गाडीचाच आवाज जड करायचा. वळणावर गाडी आली की तिला घरात कळेल. ती उठून कडी काढेल, तवा ठेवेल. तोवर आत पंख्याखाली निवांत पडून राहील.

साखर पेठेकडं प्रभुलिंगचं गॅरेज आहे. कंपनीचा सायलेन्सर काढून बाहेरचा बसवून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. तिथं येणारी पोरं वेगळी. आख्ख्या कॉलेजनं मान वळवली पाहिजे, एवढीच त्यांची अट. पोलिसांनी पकडून सायलेन्सर रोडरोलरखाली घातला तर पुढच्या आठवड्यात नवा बसवायला परत हजर.

"कसला आवाज पायजे?" प्रभुलिंगनं विचारलं. "फुटणारा का गुरगुरणारा?"

"माज्या आईला ऐकू येईल असला."

प्रभुलिंग बघतच राहिला. जोतिरामनं सगळं सांगितल्यावर त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

"इतकी वर्षं धंदा करायलोय बे," तो म्हणाला. "आईला कळू नये म्हणून रात्री ढकलत गाडी नेणारी पोरं बघितली. आईला ऐकू जावं म्हणून सायलेन्सर मागणारा तू पहिलाच. असं कर, तुझ्या अव्वाला घेऊन ये. तिचं तिलाच निवडू दे."

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी भर दुपारी जोतिरामनं मावशीला मागं बसवून नेलं. रस्त्याच्या पलीकडं कडुलिंबाखाली तिला खुर्ची दिली, गॅरेजकडं पाठ करून. बघून हात वर करायला नको म्हणून. आवाज आला की हात वर करायचा, हे तिला खुणेनं समजावलं. मावशीला गंमत वाटली. पदर सावरून ती परीक्षेला बसल्यासारखी ताठ बसली.

आधी कंपनीचाच वाजवला. हात खालीच.

मग आखूड काळा बसवला. काय तो आवाज. शेजारच्या सलूनमधून एक अर्धी दाढी झालेला माणूस बाहेर येऊन शिव्या देऊन गेला. मावशी कडुलिंबाच्या काड्या वेचत बसली होती.

मग जाडजूड लांब. गॅरेजचे पत्रे थरथरले. जोतिरामच्या छातीत दणदणलं. मावशी जागची हलली नाही.

जोतिरामचं तोंड उतरलं. हा ऐकू आला नाही म्हणजे कान पुरते गेलेच की.

"आजून एक हाय," प्रभुलिंग म्हणाला. त्यानं दुसरा खोलून बाजूला ठेवला आणि तिसरा आणायला आत गेला.

जोतिराम गाडीपाशी एकटाच. इंजिन बंद. गाडीला सायलेन्सरच नाही. किल्ली त्याच्या खिशात. उन्हानं रस्ता ओस पडलेला.

आणि...

मावशीचा हात वर गेला.

ती तशीच बसून राहिली, हात वर धरून. मग उठली आणि वळली. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते जोतिरामनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"ह्योच," ती म्हणाली. "ह्योच घे. लांबनं यायलाय, तरी बी ऐकू येतंय की."

जोतिरामनं हातानं खुणावलं, गाडी बंद हाय. तिचं लक्ष नव्हतं. ती रस्त्याच्या त्या टोकाकडं बघत होती. तिथं काही नव्हतं.

प्रभुलिंग तिसरा सायलेन्सर घेऊन बाहेर आला. "मागनं ट्रक गेला असंल," म्हणाला.

ट्रक गेला नव्हता. पण मावशी खूश होती, जोतिरामला हे एकदाचं मिटायला हवं होतं, आणि गिऱ्हाइकानं माल पसंत केल्यावर दुकानदार कशाला शंका काढतो? तिसरा बसवला. गाडी चालू केली. खर्जातला, धीमा आवाज. मावशीनं रस्ता ओलांडून येऊन सीटवर हात ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "मगाचाच."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि नटबोल्ट आवळले.

पुढचे काही दिवस फार चांगले गेले. हे जोतिराम अजून सांगतो. गाडी वळणावर आली की घरातला दिवा लागायचा. तो गाडी स्टँडला लावेपर्यंत दार उघडलेलं. आत तव्यावर भाकरी फुगलेली. मायलेक सोबत जेवायचे. मावशी उंबऱ्यात बसायची बंद झाली. वस्तीत दोघातिघांनी आवाजावरून कुरकुर केली, तर अंबुबाईनंच त्यांना गप्प केलं.

मग रंगपंचमीनंतरची ती संध्याकाळ.

जोतिराम वळणावर आला. दिवा लागलेला होता. दार सताड उघडं होतं. त्याला वाटलं, बरंय, आज आधीच कळलं.

आत गेला तर ताट वाढलेलं. भाकरी गार.

"गाडी लावून कुटं गेलतास रं?" मावशी म्हणाली. "वाट बघून भाकर निवली."

"आत्ता तर येतोय आये."

त्याचे ओठ बघून मावशीला बोलणं कळायचं. कारखान्यात सगळ्याच बायका ते शिकतात. ती हसली. थट्टा करतोय असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी ताटात...

भाकरी नव्हती. कालवण निपटून खाल्लेलं. भाकरीचे करपलेले तुकडे तेवढे ताटाच्या कडेला ओळीनं काढून ठेवलेले.

जोतिराम लहानपणापासून करपलेलं असंच काढून ठेवतो.

"पुन्ना भूक लागली व्हय?" मावशी म्हणाली. तिनं कौतुकानं दुसरी भाकरी थापायला घेतली.

आता माणूस काय विचार करेल? जोतिरामनं तोच केला. आईचं डोकं चालेनासं झालंय. आपणच जेवते आणि विसरते. तो तिला डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टरांनी कागदावर लिहून लिहून तिला पन्नास गोष्टी विचारल्या. तिनं माहेरच्या मेंढरांची नावंसुद्धा सांगितली. डोकं तुमच्यापेक्षा चांगलं आहे, डॉक्टर म्हणाले. वजनही वाढलंय.

मग त्यानं अंबुबाईला गाठलं. अंबुबाई तेलुगू घरातली, विड्या वळते, दिवसभर दारातच असते. तिच्या नजरेतून वस्तीतलं काही सुटत नाही.

"अंबुबाई, मी यायच्या आदी आमच्या घरात कोन येतंय?"

अंबुबाईनं हातातली विडी सुपात ठेवली.

"कोन दिसत नाई," ती म्हणाली. "मीच तुला विचारणार होते. तुझी आई दार उघडते. उघडून... बाजूला सरकते. माणसाला वाट देतात तशी. हात धू म्हणते. मग दार लावते."

"गाडीचा आवाज?"

"नाई. गाडी नाई. मोरीतला नळ ऐकू येतो. ताट ऐकू येतं. तुझी आई बोलते ते ऐकू येतं." तिनं आवाज खाली आणला. "मध्ये मध्ये थांबते ती. समोरचा बोलत असला की थांबतात तशी."

जोतिरामला त्या दिवशी मागावर तीन वेळा धागा तुटलेला कळला नाही. मुकादमानं झापलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धी सुट्टी टाकली. गाडी कारखान्यातच ठेवली आणि चालत घरी आला. मावशी दुपारची झोपून उठत होती. पोरगं लवकर आलं म्हणून तिनं चहा केला. संध्याकाळ होईपर्यंत दोघं बसून होते. ती तांदूळ निवडत होती. तो भिंतीला टेकून दाराकडं बघत होता. बाहेर एमआयडीसीतल्या मागांची खटखट चालली होती. त्या वस्तीत ती कधी थांबत नाही. तिथली बाळं तिच्यावरच झोपतात.

दिवेलागण झाली. मावशीनं पीठ मळायला घेतलं.

आणि खटखट...

थांबली.

लाइट गेली असं जोतिरामला वाटलं. पण डोक्यावर दिवा जळत होता. पंखा फिरत होता. त्याचाही आवाज नव्हता. परातीत मावशीच्या बांगड्या आपटत होत्या, त्यांचा नव्हता. "आये," त्यानं हाक मारली. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही. इतकी वर्षं आई या अशा जगात राहतेय, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मावशीनं मान वर केली.

तिनं काहीतरी ऐकलं होतं. चेहरा उजळला. पिठाचे हात तसेच लुगड्याला पुसून ती उठली, जोतिरामच्या पायावरून ओलांडून गेली, कडी काढली. दार उघडलं. बाहेर रिकामा रस्ता होता आणि ते रंगवलेलं कुत्रं... शेपूट पोटाखाली घेऊन भिंतीला चिकटलं होतं.

मावशी बाजूला सरकली.

जोतिरामच्या नडगीजवळून एक झळ गेली. गाडीवरून उतरताना तापलेला सायलेन्सर पायाला लागता लागता राहतो, तशी. पेट्रोलचा वास आला. मग एकदम खटखट परत सुरू झाली. पंखा घरघरायला लागला.

आणि मोरीतला नळ वाहत होता.

मावशीनं दार लावलं आणि वळली. तेव्हा तिला भिंतीशी बसलेला जोतिराम दिसला.

तिनं मोरीकडं बघितलं. मग त्याच्याकडं. मग परत मोरीकडं. दोघांतला आपला कुठला, हे ती ठरवत होती. जोतिराम म्हणतो की तिची ती नजर अजून त्याच्या डोळ्यांपुढून जात नाही. त्याला ओरडावंसं वाटलं की मी, मी हाय तुजा.

मावशीनं भाकरी भाजली. ताट वाढलं.

ते तिनं जोतिरामपुढं ठेवलं नाही. समोरच्या रिकाम्या पाटापुढं ठेवलं. मग आपलं ताट घेऊन शेजारी बसली आणि पोटभर जेवली. जोतिराम उठून बाहेर गेला तेव्हा तिनं वरही बघितलं नाही.

सकाळी कारखान्यातून गाडी काढून तो प्रभुलिंगच्या शटरपाशी उभा होता.

"काढ ह्यो. आत्ताच्या आत्ता काढ."

प्रभुलिंगनं पाना घेतला आणि काढला. जोतिरामनं सगळं सांगितलं तेव्हाही त्यानं थट्टा केली नाही.

"कुनाच्या गाडीचा व्हता अण्णा? खरं सांग. मेलेल्याचा व्हता का?"

"नवा कोरा बे. तुझ्यासमोर खोक्यातनं काढला." प्रभुलिंगनं ग्राइंडर घेतलं आणि सायलेन्सर मधोमध कापला. ठिणग्या उडाल्या. आत जाळीची नळी, तिच्याभोवती काचेच्या धाग्यांची पांढरी लोकर. बाकी काही नाही. त्यानं दोन्ही तुकडे जोतिरामच्या पायाशी टाकले.

"ह्यात काय नव्हतं," तो म्हणाला. "असतं तर बरं झालं असतं. अव्वानं हात वर केला तेव्हा हा खोक्यात होता, जोतिराम. तिला कशाचा आवाज आला, कुणाला माहीत. आपण तिला म्हणालो, तू निवड. तिनं निवडलं. आपण हो म्हणालो."

त्यानं कंपनीचा सायलेन्सर परत बसवून दिला. जाताना हात जोडले आणि पुन्हा इकडं येऊ नको म्हणाला. माणूस वाईट नाही. घाबरला होता.

त्या संध्याकाळी जोतिराम घरी आला. गाडीचा आवाज पूर्वीसारखा बारीक. दिवा लागलेला होता. दार बंद.

त्यानं दार वाजवलं. हाका मारल्या. दोन्ही हातांनी पत्रा बडवला. अंबुबाई दारात आली, त्याला बघितलं, आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. तिनं दार लावून घेतलं.

आतून मावशीचं हसणं ऐकू येत होतं.

त्यानं खिडकीतून बॅटरी मारली. बराच वेळ मारत राहिला. शेवटी कडी वाजली. दार अर्धवट उघडलं. मावशीनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग पदर सारखा केला, परक्या माणसासमोर करतात तसा.

"कोन पायजे तुमाला?"

"आये... मी हाय."

ती त्याचे ओठ बघत होती. तिला ते वाचता आले नाहीत.

"जोतिरामकडं आलाय व्हय?" ती आदरानं म्हणाली. "कारखान्यातलं दिसताय. जेवाय बसलाय त्यो. मागनं या."

आणि तिनं दार लावलं.

ते लागण्याआधी जोतिरामला आत, गॅसजवळच्या पाटावर काहीतरी दिसलं. काय ते तो मला सांगत नाही. "माजाच शर्ट व्हता," एवढंच एकदा बोलला.

मी सांगोल्याला असतो. त्याचा फोन आला तसा मी गाडी करून गेलो आणि मावशीला आमच्या घरी घेऊन आलो. मला तिनं लगेच ओळखलं. जोतिराम सोबत बसला होता. त्याला ती वाटेत दोनदा म्हणाली, पावनं, तुमाला कुटं उतरायचं? घरी आल्यावर माझ्या आईनं, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीनं, घास भरवून बघितला. तिनं तोंड मिटून घेतलं. "पोरगं घरी यून बसलं असंल," एवढंच म्हणत राहिली. पाणीसुद्धा घेईना. सलाइन लावलं तर सुई उपटली. आम्ही देवऋषी बघितला, बिरोबाला नारळ दिला, मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ही बाई जेवली नाही तर आठवडाही काढणार नाही.

तेव्हा जोतिरामच म्हणाला, तिला परत सोड.

मीच सोडलं. दार उघडून मावशी आत गेली आणि त्याच संध्याकाळी दोन भाकरी जेवली.

आता जोतिराम चिंचोळी एमआयडीसीत दुसऱ्या कामाला लागलाय. कामगारांच्या खोलीवर राहतो. पगार झाला की किराणा भरून अंबुबाईच्या हाती देतो, आणि अंबुबाई तो न बोलता मावशीच्या दारात ठेवते.

गेल्या महिन्यात मी मावशीला भेटायला गेलो. चांगली दिसत होती. गाल भरलेत. शुगर आटोक्यात आहे. मला बघून हरखली. आणि मग तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "रातपाळी करून आलाय. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

मधल्या दाराला पडदा होता. भर सकाळ होती. पंखा चालू होता, आणि पडदा...

पडदा पंख्यामुळंच हलत असणार.

मावशी मध्येच बोलायची थांबली आणि कान देऊन ऐकायला लागली. जिला दार वाजलेलं कळत नाही, ती पडद्याआडचं काहीतरी ऐकत होती. मग हसून म्हणाली, "त्यो म्हनतोय, पावन्याला च्या दे."

मी चहा पिऊन निघालो. तिनं पडदा सारला तेव्हा मी माझ्या चपलांकडं बघत होतो.

रस्त्याच्या पलीकडं जोतिराम गाडीवर बसून होता. मी येणार हे त्याला माहीत होतं. खूप वाळलाय. त्या माणसाकडं मला धड बघवेना. तो काय विचारणार याची मला धास्ती होती. आत कोण होतं, दिसतं कसं, त्याच्यासारखंच आहे का.

त्यानं तसलं काही विचारलं नाही.

"जेवती का ती?"

"जेवते," मी म्हणालो. "पोटभर जेवते."

तो घराकडं बघत राहिला. मागांची खटखट चालू होती.

"मग असू दे," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.